काळ्या रानात चालणारा पाय

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागते. डांबरी रस्ता सोडून रानात उतरलं की पायाखाली भारी काळी माती येते. मृगाचा पाऊस पडून गेला की ती तळपायाला चिकटून चार बोटं जाड थर धरते, वाफसा आला की भुसभुशीत होते, आणि चैत्र-वैशाखात तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. सोयाबीन, कापूस, तूर, मागून रब्बीची ज्वारी. यांतल्या प्रत्येक पिकाची निंदणी-खुरपणी उकिडवं बसून होते आणि ते बसणं तासन् तास असतं. दुपारी बांधावर मांडी घालून भाकरी खायची. घरात, देवळात, स्वयंपाकाच्या जागी अनवाणी वावरायचं. मराठवाड्यातल्या माणसाला पाय लागतो तो या सगळ्यासाठी.

मळणी यंत्रात, रस्त्यावरच्या अपघातात, सर्पदंशानंतर किंवा मधुमेहाने चिघळलेल्या जखमेमुळे असा पाय गेला, तर त्या जागी काय बसवायचं? विसाव्या शतकात या प्रश्नाचं उत्तर दोनदा शोधलं गेलं. पहिल्या उत्तराने पायाचा आकार घेतला, दुसऱ्याने पायाचं काम. या दोन उत्तरांमधल्या काही वर्षांत जे घडलं, ते मला भारतीय अभियांत्रिकीतलं एक मोठं पाऊल वाटतं. ते पाऊल पडलं जयपूरच्या एका सरकारी रुग्णालयात. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कथेत मात्र पुणे आणि मुंबई पुन्हा पुन्हा येतात.

आधी पायाकडेच नीट पाहायला हवं, कारण या इतिहासातले सगळे घोळ पायाला साधी वस्तू समजल्यामुळे झाले. माणसाच्या एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. टाच जमिनीवर टेकते तेव्हा पाऊल सैल असतं. खड्डा, ढेकूळ, दगड जे असेल त्यावर ते स्वतःला बसवून घेतं. वजन पुढे सरकलं की तेच पाऊल आवळतं आणि टणक तरफ बनून शरीराला पुढे ढकलतं. अंगठा वर वाकला की तळव्याचा जाड पडदा ताणला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते, हे जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये दाखवून दिलं. घोट्याच्या खाली आणखी एक सांधा असतो. त्याने पाऊल आत-बाहेर कलतं आणि तिरप्या बांधावरही माणूस सरळ उभा राहतो. उकिडवं बसताना टाच जमिनीवर ठेवून नडगी पुढे झुकते. मांडी घालताना पाऊल आत वळतं आणि बाजूवर टेकतं. एकाच अवयवाने आलटून पालटून सैल आणि ताठ व्हायचं, हे निसर्गाचं कसब आहे, आणि ते लाकूड-लोखंडात उतरवणं फार अवघड.

प्रयत्न मात्र फार जुने आहेत. ऋग्वेदात विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय दिल्याचा उल्लेख येतो. इजिप्तमध्ये थीब्झजवळ एका स्त्रीच्या ममीला लाकडाचा बसवलेला अंगठा सापडला. तो सुमारे पावणेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यावरच्या झिजेवरून तो खरंच चालण्यासाठी वापरला गेला होता असं दिसतं. सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यविशारद आंब्रोज पारे याने स्प्रिंग आणि खाचा असलेले हात-पाय रेखाटले. पण गरिबाच्या वाट्याला शतकानुशतकं आली ती काखेतली कुबडी, नाहीतर गुडघ्याखाली बांधलेला लाकडी खुंट.

कृत्रिम अवयवांच्या विद्येला वेग दिला युद्धांनी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अपंग भारतीय सैनिकांना हातचा धंदा शिकवण्यासाठी 1917 साली क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज ती पुण्याजवळ खडकीला आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौज पंचवीस लाखांवर गेली. आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश इथल्या लढायांतून आणि सुरुंगांतून पाय गमावलेली माणसं परत येऊ लागली, तेव्हा 1944 मध्ये पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. या देशातल्या संघटित कृत्रिम अवयव-विद्येची सुरुवात तिथली. पुढे त्याची दारं नागरिकांनाही उघडली. 1955 मध्ये मुंबईत हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन सुरू झालं. पुण्या-मुंबईच्या या दोन जागांनी तंत्रज्ञ घडवले, मापं घेण्याची शिस्त आणली आणि अंग गमावलेल्या माणसाला पुन्हा उभं करता येतं हा विश्वास दिला.

याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी एक पाऊल तयार केलं, जे जगभर ‘सॅक फूट’ या नावाने पसरलं. त्यात हलणारा घोटा नव्हता. आत टणक कणा आणि टाचेत मऊ रबराची उशी. टाच दाबली जाई आणि घोटा वाकल्याचा भास होई. तो साधा होता, टिकाऊ होता आणि अमेरिकेतल्या गुळगुळीत फरशीवर, बुटाच्या आत, उत्तम चालत होता. पण त्याच्या रचनेत बूट गृहीत होता. बुटाशिवाय तो पाय अपुरा. आतला कणा पंज्यापर्यंत जात असल्याने नडगी पुढे झुकत नसे, म्हणून उकिडवं बसता येत नसे. पाऊल आत वळत नसे, म्हणून मांडी घालणं कठीण. पाण्या-चिखलात बूट कुजे आणि त्याच्यासोबत पायही.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी हे रोज पाहत होते. सेठी 1927 साली वाराणसीत जन्मले, एडिंबरोहून एफआरसीएस करून आले. त्यांचे बरेच रुग्ण राजस्थानातले शेतकरी. पाय बसवून, चालायला शिकवून घरी पाठवलेली माणसं काही महिन्यांनी पुन्हा कुबडीवर येत. पाय घरात कोपऱ्यात उभा असे. दोष रुग्णाचा मानण्याची पद्धत तेव्हा होती: अडाणी आहेत, सराव करत नाहीत. सेठींनी तो आरोप उलटा फिरवला. माणूस जसा जगतो तसं जगू देत नसेल, तर चूक पायाची आहे.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळेचं शिक्षण फारच थोडं. पण लाकूड, धातू, हस्तिदंत, माती, जे हातात येईल त्यातून वस्तू घडवण्याची असामान्य जाण. रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी ते तिथे येत. पाय नसलेल्यांची धडपड त्यांनी रोज जवळून पाहिली आणि आपण करून बघू असं ठरवलं. सेठींकडे शरीररचनेचं ज्ञान होतं. कोणता सांधा कशाने वळतो, कोणत्या हालचालीशिवाय कोणतं काम अडतं, हे ते सांगत. मास्टरजी ते वस्तूत उतरवत. डॉ. एस. सी. कासलीवाल आणि डॉ. महेश उदावत हेही या कामात होते.

रबर कसं सुचलं याची एक गोष्ट सांगितली जाते. मास्टरजी सायकलवरून जात असताना चाक पंक्चर झालं आणि दुरुस्तीच्या जागी ट्रकच्या टायरला नवं रबर चढवताना त्यांना दिसलं. गोष्ट तंतोतंत अशीच घडली असेल असं नाही. इतकं मात्र खरं, की टायर रिट्रेडिंग करणाऱ्या एका दुकानात पहिले प्रयोग झाले आणि त्या दुकानदाराने मनापासून मदत केली. माणसाच्या पावलावरून साचा केला. त्यात रबर भरून भट्टीत भाजलं. बाहेर आलं ते हुबेहूब पाऊल, बोटांसकट. पण भरीव रबराचं ते पाऊल जड होतं आणि ताठही. आकार साधला होता, काम साधलं नव्हतं. सॅक फूटची चूक इथेही झाली असती, फक्त वेगळ्या पदार्थात.

पुढचं पाऊल निर्णायक ठरलं. त्यांनी पावलाच्या आतले भाग वेगळे केले. टाचेला स्पंज रबराचा एक ठोकळा, पंजा आणि बोटांसाठी स्पंज रबराचा दुसरा, आणि घोट्याच्या जागी लाकडाचा आखूड ठोकळा, ज्यातून बोल्ट वर नडगीत जातो. मधला टणक कणा काढून टाकला. हे तीन ठोकळे टायरमध्ये वापरतात त्या दोऱ्याच्या पट्ट्यांनी गुंडाळले, स्नायूबंध हाडांना बांधतात त्या दिशांनी. वरून कातडीच्या रंगाचं रबर चढवलं आणि सगळं साच्यात घालून व्हल्कनाइझ केलं. आता दाब आला की स्पंज दबत होतं आणि दोरे त्याला मर्यादेत ठेवत होते. नडगी पुढे झुकू शकत होती, म्हणून उकिडवं बसता येऊ लागलं. पाऊल आत-बाहेर कलत होतं, म्हणून उंचसखल जमिनीवर तोल राहत होता. ते थोडं पिळलं जात होतं, म्हणून मांडी घालता येत होती. बूट नको होता. पाणी आत शिरत नव्हतं. भाताच्या चिखलात उभं राहा, विहिरीत उतरा, झाडावर चढा.

सव्वीस हाडांची नक्कल इथे कोणी केली नाही, एकही बिजागरी घातली नाही. सव्वीस हाडं मिळून जे करतात ते तीन ठोकळे आणि दोऱ्यांच्या विणीकडून करून घेतलं. निसर्गापासून शिकणं याचा मला समजलेला सगळ्यात नेमका अर्थ हाच: त्याची रूपं उचलायची नाहीत, त्याने कोणती अडचण कशी सोडवली ते ओळखायचं आणि आपल्या हाताशी असलेल्या पदार्थात ती पुन्हा सोडवायची. आज जगभर मऊ रोबोटिक्स नावाची शाखा मोटारी आणि बिजागऱ्यांऐवजी लवचीक पदार्थांनाच हालचाल सोपवते. जयपूरच्या रिट्रेडिंगच्या दुकानात तोच विचार हातांनी केला जात होता.

1968 च्या सुमारास हा पाय रुग्णांना बसवला जाऊ लागला. 1978 मध्ये सेठी आणि सहकाऱ्यांनी त्यावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. सेठींनी पेटंट घेतलं नाही. कोणीही बनवावा, कुठेही बनवावा, अशी त्यांची भूमिका होती. 1981 साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव मात्र बराच काळ मागेच राहिलं. हात ज्याचे त्याचं नाव शेवटी घेण्याची आपली जुनी सवय आहे, आणि मला ती इथे फार बोचते. त्या दोघांपैकी एकाला वगळून हा पाय झालाच नसता.

सुरुवातीच्या वर्षांत पाय बसवलेल्यांची संख्या मोजकी होती. ती बदलली एका सनदी अधिकाऱ्यामुळे. देवेंद्र राज मेहता, जे पुढे मुंबईत सेबीचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले, यांना 1969 मध्ये राजस्थानात भीषण मोटार अपघात झाला. पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती, तो वाचला. रुग्णालयातल्या दिवसांत त्यांनी हे काम पाहिलं आणि 1975 मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तिची पद्धत साधी: रुग्णाने यावं, पैसे देऊ नयेत, शक्यतो त्याच भेटीत पाय घालून घरी जावं. वेळापत्रक आणि अर्जांच्या रांगा नाहीत. लांबून आलेल्या मजुराला पुन्हा पुन्हा येणं परवडत नाही, हे त्यामागचं कारण.

पावलाच्या वरचा भाग, म्हणजे नडगी आणि पाय कापल्यावर उरलेला थोटा ज्यात बसतो ते सॉकेट, आधी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं असे. भांडी घडवणारे ठठेरे ते ठोकून बनवत. नंतर त्या जागी एचडीपीई पाइप आला. झरीच्या शेतकऱ्याला हा पाइप ओळखीचा आहे; तुषार सिंचनाच्या संचात तोच असतो. पाइपचा तुकडा भट्टीत गरम करून मऊ करायचा, रुग्णाच्या थोट्याच्या प्लास्टरच्या साच्यावर चढवायचा आणि निवू द्यायचा. काही तासांत पाय तयार. हलका, स्वस्त, पाण्याला न घाबरणारा.

मुंबईने या पायाला प्रसिद्धी दिली ती एका नृत्यामुळे. मिठीबाई महाविद्यालयात शिकणारी भरतनाट्यम नर्तकी सुधा चंद्रन हिचा 1981 मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ बस अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूरला जाऊन तिने पाय बसवून घेतला आणि त्यावर पुन्हा नृत्याचा सराव सुरू केला. थोट्यातून रक्त येई. 28 जानेवारी 1984 ला ती मुंबईत रंगमंचावर परतली. तिच्या आयुष्यावर ‘मयूरी’ हा तेलुगू चित्रपट आणि 1986 मध्ये ‘नाचे मयूरी’ हा हिंदी चित्रपट आला, दोन्हींत नायिका तीच. गावोगावच्या व्हिडिओ-थिएटरांतून हा हिंदी चित्रपट पोचला आणि ‘जयपूर फूट’ हे नाव मराठी घरांत घरचं झालं. पुढे पुण्या-मुंबईच्या धर्मादाय संस्था, रोटरीसारखी मंडळं यांची मोजमाप शिबिरं जिल्ह्याच्या गावी भरू लागली. अफगाणिस्तान, कंबोडिया अशा सुरुंगांनी पोखरलेल्या देशांतही हा पाय गेला. तिथेही लोक अनवाणी शेतात उतरणारेच.

1984 हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्याच वर्षी अमेरिकेत व्हॅन फिलिप्स याने ‘फ्लेक्स-फूट’ नावाची कंपनी काढली. तरुणपणी पाण्यावर स्कीइंग करताना त्याचा पाय गेला होता. चित्त्याच्या मागच्या पायातली कंडरा धावताना ताणली जाऊन ऊर्जा साठवते आणि सोडते, हे पाहून त्याने कार्बन फायबरचं वाकडं पातं बनवलं. आज पॅरालिंपिकमध्ये धावपटू ज्या पात्यांवर धावतात ती त्याचीच परंपरा. 1997 मध्ये जर्मनीच्या ऑटोबॉकने संगणकावर चालणारा गुडघा आणला. गिर्यारोहणात दोन्ही पाय गमावलेले एमआयटीचे ह्यू हर यांनी मोटारीचा घोटा बनवला, जो पोटरीच्या स्नायूसारखा प्रत्येक पावलाला धक्का देतो. हे सगळं थोर काम आहे. पण त्याची किंमत लाखांत आहे, गुडघा-घोट्याची बॅटरी चार्ज करत राहावी लागते आणि त्याची बहुतेक रचना पुन्हा बुटासाठी, सपाट जमिनीसाठी आहे.

जयपूरचा आणि परदेशातला, हे दोन प्रवाह एकदा जवळ आले ते गुडघ्यावर. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एका अक्षावर फिरत नाही. आतले दोन स्नायूबंध एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळे वाकताना त्याचं फिरण्याचं केंद्र सरकत राहतं. म्हणूनच उभं असताना तो पक्का राहतो. एका अक्षाचा कृत्रिम गुडघा याउलट तिरप्या वाटेवर अवचित मोडतो आणि माणूस पडतो. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीबरोबर काम करून चार दुव्यांचा, तेलाने मुरलेल्या नायलॉनचा गुडघा बनवला, ज्याचं केंद्र तसंच सरकतं. ‘टाइम’ साप्ताहिकाने 2009 च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. 2022 मध्ये मद्रास आयआयटीने ‘कदम’ हा त्याच तत्त्वाचा, 160 अंशांपर्यंत वाकणारा गुडघा आणला आणि त्याच वर्षी इस्रोने मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या गुडघ्याची घोषणा केली. इकडे महाराष्ट्रात मुंबई आयआयटीचं ‘बेटिक’ हे केंद्र, राज्याच्या राजीव गांधी विज्ञान आयोगाच्या आधाराने, नागपूरच्या व्हीएनआयटी आणि पुण्याच्या सीओईपीला जोडून घेत डॉक्टर आणि अभियंत्यांना एका टेबलावर बसवू लागलं. सेठी आणि मास्टरजींची जोडी योगायोगाने जुळली होती. अशी जोडी ठरवून जुळवण्याचा हा प्रयत्न आहे.

परिणामांचं माप घेताना कौतुकाबरोबर दुसरी बाजूही लिहायला हवी. पाऊल जगाने नावाजलं, पण सॉकेटबद्दल तक्रारी राहिल्या. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यांत एचडीपीई-जयपूर पाय घातलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा थोटा नीट न बसणं, घट्ट किंवा सैल होणं, काही काळाने पाय वापरणं सुटणं, हे बऱ्याच जणांत दिसलं. याचं कारण रचनेत कमी आणि पद्धतीत जास्त आहे. शिबिरात एका दिवसात शेकडो मापं घेतली जातात. शस्त्रक्रियेनंतर थोटा काही महिने आक्रसत जातो, वजन कमी-जास्त झालं की बदलतो, मूल असेल तर वाढतो. आज चपखल बसलेलं सॉकेट सहा महिन्यांनी टोचतं. संख्या वाढवण्याच्या ओढीत बसवण्याची काळजी हरवू नये, हा सेठींचा आग्रह होता, आणि तो मला पूर्ण रास्त वाटतो.

शिबिरातून पाय घेऊन आलेला शेतकरी पहिल्या मोसमात त्यावर पेरणी-निंदणी करतो. दुसऱ्या मोसमापर्यंत थोट्यावर घट्टे किंवा जखम येते. त्या वेळी सॉकेट पुन्हा गरम करून बसवून देणारा तंत्रज्ञ त्याला एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर हवा. त्यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे: एक भट्टी, प्लास्टर, पाइपचा तुकडा आणि थोट्याला हात लावून दुखरी जागा ओळखणारा माणूस. पुण्याच्या केंद्रात 1944 पासून आणि हाजीअलीला 1955 पासून अशी माणसं तयार होत आली आहेत. त्यांच्यातले काही जिल्ह्याच्या रुग्णालयांत कायमचे बसले, तर झरी, बोरी, जिंतूरच्या माणसाला दुसऱ्या शिबिराची वाट पाहत पाय कोपऱ्यात ठेवावा लागणार नाही.